उशीच्या कापसाची काडतुसं

हेल्वीने पहिली गोळी झाडली आणि आर्वो म्हणाला, “झाडलीस? मला वाटलं कुणी गाडीचं दार लावलं.”

हेल्वीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बंदुकीचा खटका मागे ओढला, बाहेर उडालेली पितळी पुंगळी बर्फातून उचलून खिशात टाकली आणि दुसरी गोळी झाडली. मग तिसरी. खडीच्या खाणीत, सत्तर पावलांवर, मातीच्या उताराला टेकवलेल्या खोक्यावर बशीएवढं वर्तुळ काढलेलं होतं. तिन्ही भोकं त्या वर्तुळात होती, आणि प्रत्येक भोकातून करंगळी सहज गेली असती. पण आर्वोचं लक्ष भोकांकडे नव्हतंच. खरा बार अजून व्हायचाय अशा थाटात तो कान टवकारून उभा होता.

किवेला घराण्याच्या शिकारी कॅम्पात बंदुका आवाजावरून ओळखायची रीत आहे. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू झाली की टेकडीच्या ह्या अंगाला बसलेला माणूस त्या अंगाचा बार ऐकून सांगतो, हा सुलो, हा आर्वो. आणि हेल्वीच्या हातातली ही बंदूक वाजली की सांगावं लागत नसे, कॅम्पातल्या कपबशा स्वतःच सांगायच्या. हेल्वीच्या सासऱ्याने, म्हाताऱ्या हेइक्कीने, ती अलास्कात जाऊन अस्वल मारायचं म्हणून घेतली होती. दुकानदाराने त्याला हत्तीला पुरेल अशी बंदूक गळ्यात मारली. मग खाणीतल्या नोकरीतून एवढी मोठी रजा कधी मिळालीच नाही, अलास्का राहिलं अलास्कात, आणि घेतलेली वस्तू फुकट घालवायची नाही ह्या हट्टापायी म्हातारा ती हरणांवर चालवू लागला. खांदा काळानिळा झाला तरी हूं की चूं नाही. उलट त्याने त्याचा नियमच करून टाकला. ज्याचा खांदा ही बंदूक सोसेल, खडकावरची जागा त्याची.

खडकावरची जागा म्हणजे सगळ्या टेकडीतली पहिल्या नंबरची जागा. खाली देवदारांची दलदल, वर बीचच्या झाडांचा माथा, आणि हरणांची जायची-यायची वाट बरोबर खडकाच्या पुढ्यातून. हेइक्कीनंतर ती जागा थोरल्या मुलाकडे, म्हणजे हेल्वीच्या नवऱ्याकडे, ओन्नीकडे गेली. दोन वर्षांमागे ओन्नी वारला आणि बंदूक हेल्वीकडे आली, तेव्हा जागाही तिच्याकडे आली. धाकटा दीर आर्वो तेव्हा काही बोलला नाही, कारण ओन्नीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पण यंदा मार्चमध्ये हेल्वी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरच्या बर्फावरून घसरली, उजव्या खांद्याचं हाड तुटलं, आत पट्टी आणि सात स्क्रू बसले. आणि आर्वोच्या मनात जे दोन वर्षं शिजत होतं त्याला उकळी फुटली.

“दाखव बघू एक काडतूस,” तो हात पुढे करून म्हणाला.

“का? तुझी संपली?”

“माझी आहेत ओन्नीने घरी भरलेली. शेवटचा डबा आहे त्याचा, जपून वापरतोय मी. तुझं दाखव.”

हेल्वीने खिशातून एक काढून त्याच्या हातावर टेकवलं. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. एक गोष्ट सोडली तर, आणि ती गोष्ट त्या काडतुसात नव्हती.

संध्याकाळी सौना आटोपून सगळे लालबुंद चेहऱ्यांनी टेबलाशी बसले. सगळे म्हणजे चौघे. आर्वो, हेल्वी, गेली चाळीस वर्षं कॅम्पाचा हिस्सेदार असलेला ब्रह्मचारी सुलो, आणि पहिल्यांदाच आलेला आर्वोचा जावई डेनिस. तो खाली, पुलापलीकडच्या मोठ्या शहरात भट्ट्या आणि बॉयलर विकतो. भला मुलगा. दुकानातली घडी न मोडलेली नवीकोरी केशरी टोपी घालून टेबलाशी बसला होता, आणि घरात ती काढली तरी चालते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हेल्वीने भट्टीतून पास्ट्या काढल्या. मांस, बटाटा, सलगम, वर जाड पारी. सगळ्यांना वाढून ती बसतेय तोच आर्वोने ओन्नीच्या हत्यारांच्या पेटीतून प्लॅस्टिकचा हातोडा काढला. चुकीचं भरलेलं काडतूस उघडायला असा पोकळ हातोडा असतो. आत काडतूस अडकवायचं, ओंडक्यावर दोनतीनदा ठोकायचं, गोळी आणि दारू पोकळीत सुटून पडते. आर्वोने हेल्वीचं काडतूस अडकवलं, चुलीजवळच्या ओंडक्यावर ठोकलं आणि हातोडा टेबलावर पालथा केला.

शिशाची बोथट, बोटाच्या पेराएवढी गोळी गडगडत डेनिसच्या ताटाशी गेली. मग दारूचा लहानसा ढीग पडला. आणि मग ढिगावर अलगद येऊन बसला पांढरा कापसाचा बोळा.

मग आर्वो खुर्चीत मागे रेलून असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“कापूस! सुलो, बघ, कापूस! बाई हरणाला उशीने मारायला निघाली!”

“दारू कमी भरली की आत हलते,” हेल्वी म्हणाली. “नळी वर केली की मागे, खाली केली की पुढे. प्रत्येक गोळी वेगळी उडणार. बोळा ठेवला की दारू बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीला चिकटून राहते. ह्यात हसण्यासारखं काय आहे?”

“दारू कमी भरली की! स्वतःच्या तोंडाने म्हणाली.” आर्वोने बोट वर केलं. “बाबांचा नियम काय? खांदा बंदूक सोसेल त्याची जागा. तुझा खांदा बंदूक सोसतच नाही, हेल्वी. तू बंदुकीचे दात काढून तिच्या तोंडात हात घालतेयस. ओन्नी सतरा वर्षं बसला त्या खडकावर. सतरा वर्षं त्याने तो दणका छातीवर घेतला. त्याच्या जागेवर बसून तू उशी उडवणार? शरम वाटायला हवी.”

हेल्वीच्या तोंडात पास्टीचा घास होता. तो तिने शांतपणे चावला. आणि इथे थोडं थांबून सांगायला हवं की तिने तो घास चावताना काय काय गिळलं.

ओन्नीने आयुष्यात एकही काडतूस भरलेलं नव्हतं. त्याची बोटं जाड, धीर पातळ. तराजूवर दारू मोजताना त्याला शिंका यायच्या. तळघरातल्या यंत्रावर बसायची ती हेल्वी. शिसं वितळवून गोळ्या ओतायची ती, पुंगळ्या घासायची ती, दारू तोलायची ती, आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ते डबे ओन्नीच्या हातात द्यायची तीच. ओन्नी कॅम्पात येऊन डबे वाटायचा, लोक म्हणायचे, वा ओन्नी, काय हात आहे तुझा. तो म्हणायचा, सरावाने जमतं. पहिल्या वर्षी तिला ह्याचं हसू आलं होतं. नंतर येईनासं झालं, पण तोवर सवय झाली होती.

आणि त्याचा खांदा? तो खाणीत खडक कोसळून कधीच निकामी झाला होता. खडकावरच्या त्या सतरा वर्षांत पहिल्या वर्षाखेरीज एकदाही त्याने पूर्ण दारूचं काडतूस झाडलं नाही. “दणका काढून टाक,” तो तिला म्हणाला होता, “पण आवाज ठेव. आवाज कमी झाला तर आर्वोला कळेल.” हेल्वीने महिनाभर खटपट करून हलकी गोळी आणि बेताची दारू असं जमवलं की आवाज कपबशा हलवील आणि खांद्याला मात्र नुसती थाप बसेल. आत कापसाचा बोळा. उशी तिच्या आईची होती.

आता आर्वो. त्याने थोरल्या भावावर कडी करायला स्वतःसाठी एक मॅग्नम, म्हणजे जादा दारूची, बंदूक घेतली. पहिल्या दोन्ही वर्षी त्याचे नेम चुकले. कॅम्पात ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कात्रीने कापतात, त्यावर नाव आणि साल लिहून ते तुळईला खिळ्याने ठोकतात. तुळईवर आर्वोच्या नावाची दोन टोकं अजून आहेत. आर्वो घोडा दाबायच्या आधी डोळे मिटायचा. ओन्नीने ते पाहिलं होतं. “त्याचीही मऊ कर,” तो हेल्वीला म्हणाला, “पण शपथ घे, त्याला कधी सांगणार नाहीस. लाजेने मरेल.” हेल्वीने शपथ घेतली, कारण त्या वेळी तिचं काही जात नव्हतं. तेव्हापासून चौदा वर्षं आर्वोचा नेम चुकला नाही. आणि चौदा वर्षं तो ह्याच टेबलाशी बसून सांगत आला होता की मॅग्नमचा दणका सुरुवातीला जड जातो, पण मर्दाच्या खांद्याला सवय होते.

ह्या सगळ्याच्या वर तिने तो घास चावला आणि गिळला.

“डॉक्टरला मी विचारलं,” ती म्हणाली. “किती झटका चालेल? तो म्हणाला, मैत्रिणीने पाठीवर थाप मारावी एवढा. मी तेवढा केला. हरणाला काय मारायला लागतं ते मला ठाऊक आहे. हत्तीची दारू हरणाला कशाला?”

“प्रश्न हरणाचा नाहीच आहे,” आर्वो म्हणाला. “प्रश्न नियमाचा आहे. जागा डेनिसला जाईल. घरातली बंदूक घरात, जागा घरात. तुला काय, तू इथे ऊबेत बस. पास्ट्या कर. तुझ्यासारख्या पास्ट्या साऱ्या तालुक्यात कुणी करत नाही.”

“मी…” डेनिस म्हणाला.

“तू गप्प बस. पहिल्या वर्षी मत नसतं. हात वर करा.”

आर्वोने हात वर केला. सुलो कपात बघत बसला. कपात काही उत्तर मिळालं नसावं. मग, “नियम आहे बाबा,” असं पुटपुटत त्यानेही खांद्याइतका हात उचलला. हेल्वीने उचलला नाही. दोनास एक ह्या हिशेबाने तिच्या सगळ्या आयुष्यातली एकुलती एक स्वतःची जागा गेली. लग्नानंतर नऊ वर्षं ती ह्या स्वयंपाकघरात होती. त्यानंतर तिला रस्त्याकडेची एक जागा मिळाली, जिथे वर्षाकाठी चार खारी आणि एक टपालवाला दिसायचा. खडक मिळाला तो नवरा गेल्यावर. आणि आता पुन्हा भट्टीपुढे. स्वयंपाकघराची जागा मात्र तिच्याकडून कधीच कुणी मागून घेत नव्हतं.

आर्वोने हेइक्कीची बंदूक भिंतीवरच्या खुंट्यांवर चढवली आणि खाली फळीवर दुकानातल्या काडतुसांचा नवा डबा ठेवला. पूर्ण दारूची. “डेनिस, हे तुझं,” तो म्हणाला. डेनिसने डब्याकडे असं पाहिलं, जणू दंतवैद्याच्या खोलीत मांडलेली पक्कड दिसावी.

पहाटे साडेपाचला हेल्वीने उठून बंदूक खुंट्यांवरून उतरवली. चोरपावलांनी नाही. तिने बूट घातले, चुलीत लाकूड टाकलं, थर्मासात कॉफी ओतली, आणि दार नेहमी लावते तसंच धाडकन लावलं. दारावर चिठ्ठी ठेवावी असं तिच्या मनात आलं होतं. मग तिला वाटलं, कसली चिठ्ठी? बंदूक माझी. खांदा माझा. चिठ्ठी कुणाला?

ताज्या बर्फावरून ती खडकावर गेली, उशी खाली घालून बसली आणि बंदुकीत पाच काडतुसं भरली. निशाण्याची मागची पट्टी तिने आधीच वर सरकवून ठेवली होती, कारण हळू जाणारी गोळी लवकर खाली झुकते. खाली वाट होती तिथपर्यंतचं अंतर तिने सप्टेंबरात पावलांनी मोजलं होतं. तिथून पुढे झाडायचं नाही, हे तिने स्वतःशी ठरवलं होतं. मऊ काडतुसाशी एवढाच करार असतो. तो पाळला की ते दगा देत नाही.

उजाडता उजाडता मागून बूट करकरले. डेनिस. त्याच्या हातात पूर्ण दारूचा डबा होता आणि बंदूक नव्हती.

“हेल्वी आंटी,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही इथे आहात.”

“दिसतेय ना.”

“मला सासऱ्यांनी सांगितलंय की जागा माझी आहे.”

“मग बस की. खडक मोठा आहे.”

डेनिस जरा घुटमळला आणि तिच्याशेजारी बसला. थोड्या वेळाने तो कुजबुजला, “खरं सांगू? रात्रभर मला झोप नाही. तो डबा बघूनच माझा खांदा दुखायला लागलाय. तुम्ही बंदूक नेलीत हे बघितलं आणि मी देवाचे आभार मानले.”

“मोठ्याने मान. आर्वोला ऐकू जाऊ दे.”

“मला त्या घराचा जावई म्हणून राहायचंय, आंटी.”

हेल्वीला हसू आलं. मग तिने बोट ओठांवर ठेवलं, कारण देवदारांमधून एक नर बाहेर आला होता.

आठ फाट्यांची शिंगं, माजाने मान सुजलेली, नाक जमिनीला लावून तो माद्यांच्या वासावर वाटेवाटेने येत होता. हेल्वीने बंदूक उचलली. खांद्यातले सात स्क्रू तिला एकेक करून जाणवले. भीती दणक्याची नव्हती. ही एक गोळी वाकडी गेली तर आर्वो जन्मभर बरोबर ठरणार होता, आणि ती जन्मभर पास्ट्या करणार होती. नर वाटेच्या वाकणावर आला, आडवा उभा राहिला. तिने पुढच्या पायामागे नेम धरला, डोळे उघडे ठेवले आणि घोडा दाबला.

धप्प झालं. खांद्याला मैत्रिणीची थाप बसली. नर पाठ वाकवून उसळला आणि दलदलीकडे सुसाट पळाला.

“चुकला,” डेनिस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं.

“शेपटी पाहिलीस?”

“नाही.”

“खाली दाबलेली होती. चुकला असता तर पांढरं निशाण फडकवत गेला असता. कॉफी घे. अर्धा तास बसायचं. आत्ता मागे गेलं तर उगाच पळवत राहशील त्याला.”

पण अर्धा तास बसणं नशिबात नव्हतं. वीस मिनिटांत आर्वो वर आला, मागे सुलो. आर्वोच्या हातात बंदूक होती आणि दुसऱ्या हातात कॅम्पातली कात्री.

“धप्प ऐकलं मी!” तो लांबूनच ओरडला. “आणि हरणाच्या धावण्याचा आवाजही ऐकला. बंदूक चोरलीस, मत मोडलंस, वर नेम पण चुकवलास. ऊठ, सदरा बाहेर काढ.”

“स्वतःची बंदूक कुणी चोरतं का रे?”

“सदरा!”

“कापायचा तर काप,” हेल्वी उठत म्हणाली, “पण आधी माझ्याबरोबर खाली चल. हरीण नाही सापडलं तर टोकच काय, सगळा सदरा देते, तुळईला नाहीतर तुझ्या खुर्चीला खिळव.”

वाटेच्या वाकणावर बर्फात केसांचा पुंजका होता. तिथून दोन पावलांवर पहिला थेंब, मग दोन्ही बाजूंनी उडालेलं रक्त. हळू, जड गोळी आरपार गेली होती. कुणाला काही शोधावं लागलं नाही, डेनिसलासुद्धा माग दिसत होता. साठेक पावलांवर, पडलेल्या देवदाराच्या आड, नर कुशीवर पडलेला होता. हेल्वीने गुडघे टेकून त्याच्या डोळ्याला काठी लावून पाहिली. मग हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि थोडा वेळ तशीच राहिली. नंतर परवान्याची चिठ्ठी काढून शिंगाला बांधली.

सुलोने हरणाभोवती एक चक्कर मारली. “पुढचा पाय अख्खा आहे,” तो म्हणाला. “एक कण मांस नासलं नाही. हेइक्की मारायचा तेव्हा अर्धा खांदा टाकून द्यावा लागायचा.”

त्याने टोपी मागे सारली, हेल्वीकडे पाहिलं, आणि काल वर केलेला हात कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा तो कोटाच्या खिशात घातला.

आर्वोने कात्री खिशात टाकली. इथेच तो थांबला असता तर पुढचं काही झालं नसतं. हेल्वी शपथेची पक्की होती. पण काही माणसांना हरल्यावरच जास्त बोलायला सुचतं.

“हरीण चांगलं आहे, नाही कोण म्हणतो?” तो म्हणाला. “पण नियम तो नियम. हरीण मारायचा नियम नाही, दणका सोसायचा नियम आहे. ओन्नीने सोसला. मी माझ्या मॅग्नमचा सोसतो. आमच्या घराण्यातल्या पुरुषांनी कधी उशी घेऊन शिकार केली नाही, आणि उद्यापासून ती बंदूक डेनिसच्या हातात दिसली पाहिजे.”

हेल्वी उठून उभी राहिली. तिला राग आला होता तो आर्वोचा थोडा आणि ओन्नीचा जास्त. मेलेल्या माणसाचा असा राग येतो हे तिला आजवर माहीत नव्हतं. तुझी लाज झाकायला मी कबूल झाले, ती मनात त्याला म्हणाली, पण माझी जागा देऊन नाही. एवढं मी कधीच कबूल केलं नव्हतं.

“हरीण कॅम्पात ओढा,” ती मोठ्याने म्हणाली. “मग बोलू.”

पुरुषांनी हरीण ओढलं. कॅम्पाच्या दारातल्या आडव्या खांबाला ते टांगलं गेलं. सगळे आत आले. हेल्वीने चुलीवरची कॉफी खाली उतरवली, पण कुणाला ओतली नाही. तिने प्लॅस्टिकचा हातोडा टेबलावर ठेवला.

“तुझ्या बंदुकीतलं एक काढ,” ती आर्वोला म्हणाली.

“काय?”

“काडतूस. ओन्नीने भरलेलं. तुझ्या जपून ठेवलेल्या डब्यातलं.”

“कशाला?”

“घाबरतोस?”

आर्वो घाबरत नव्हता, म्हणून त्याने काढलं. हेल्वीने ते हातोड्यात अडकवलं, त्याच्या हातात दिलं आणि ओंडक्याकडे बोट केलं. “तूच ठोक. नंतर म्हणशील मी हातचलाखी केली.”

आर्वोने ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग टेबलावर पालथं केलं. गोळी पडली, हलकी, लहान. दारू पडली. आणि तिच्यावर येऊन बसला पांढरा कापसाचा बोळा.

डेनिसने शेवटी टोपी काढली.

“एक असेल चुकून,” आर्वो म्हणाला, आणि स्वतःच दुसरं अडकवून ठोकलं. कापूस. तिसरं. कापूस. चौथ्याला त्याचा हात थांबला.

“ओन्नीने… माझी… अशी भरली?”

“ओन्नीने नाही. मी. ओन्नीने भरलेलं एकही काडतूस तू जन्मात झाडलेलं नाहीस, आर्वो. सुलो, तूही नाही. तुझी मी मऊ केली नाहीत, तुझी बंदूक मुळातच शहाणी आहे. पण भरली मीच. तळघरात मी बसायचे. तो डबे आणायचा.”

“मी चौदा वर्षं…”

“चौदा वर्षं तुझा नेम चुकला नाही. का चुकला नाही? कारण तू डोळे मिटायचं थांबवलंस. का थांबवलंस? कारण दणका उरला नव्हता. तुम्हाला आवाज हवा होता, म्हणून मी आवाज ठेवला. तुमच्यासाठी आवाज ठेवायला मला महिना लागला होता. माझ्यासाठी नाही ठेवला, कारण मला आवाजाची हौस नाही. तुझ्यात आणि माझ्यात फरक असला तर तेवढाच.”

सुलोच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज निघाला. तो हसू दाबत होता आणि ते त्याला जमत नव्हतं.

आर्वोचा चेहरा सौनातून आल्यावर होतो त्याहून लाल झाला होता. मग त्याने विचारलं, आणि ह्या वेळी त्याचा आवाज अगदी लहान होता, “आणि त्याची?”

खोटं बोलायला आत्ता एक क्षण होता. हेल्वीला तो दिसला, आणि तिने तो जाऊ दिला.

“त्याचीही. खडकावरचं पहिलं वर्ष सोडून सगळी. खाणीत त्याचा खांदा गेला होता, तुला सांगायची त्याला लाज वाटायची. मी तुला सांगावं ह्याचीही. तुम्ही दोघे भाऊ एकमेकांना फसवत राहिलात आणि मी तुमच्यासाठी आईची उशी रिकामी केली. सतरा हरणं मारली त्याने त्या खडकावरून. आता मला सांग, त्यांतलं कुठलं मेलं नव्हतं?”



हेल्वीने फळीवरचा दुकानातला डबा उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला. वर हेइक्कीची बंदूक आडवी ठेवली. “ही घे. ही पूर्ण दारूची. बाबांचा नियम तुला इतका प्यारा आहे ना? खडीच्या खाणीत चल. तीन झाड, डोळे उघडे ठेवून. जागा तुझी, डेनिसला दे नाहीतर रेडिओवर जाहीर कर. मी पास्ट्या करीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.”

आर्वोने डब्याचं झाकण उघडलं. आतली काडतुसं रांगेने उभी होती, प्रत्येक त्याच्या मधल्या बोटाएवढं. त्याने एक हातात घेतलं, तोललं, परत ठेवलं. झाकण लावलं. मग दोन बोटांनी डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

“जागा हेल्वीची,” तो म्हणाला.

“हो,” सुलो लगेच म्हणाला.

“मला अजूनही मत नाही,” डेनिस म्हणाला, “पण हो.”

तेव्हा कुठे हेल्वीने कॉफी ओतली. आधी सुलोला, मग डेनिसला, मग स्वतःला. आर्वोचा कप भरताना तिने किटली वरच धरून ठेवली, कारण तो काहीतरी बोलू बघत होता.

“माझ्याकडे रिकाम्या पुंगळ्या आहेत,” तो शेवटी म्हणाला. “चाळीसेक. पुढच्या वर्षासाठी… आहेत तशाच भरशील ना?”

“आहेत तशाच म्हणजे कशा?”

“तुला माहीत आहे कशा.”

“मला माहीत आहे. सुलोला ऐकायचंय. डेनिसला ऐकायचंय. चौदा वर्षं मी तू न मागता दिली, आर्वो, आणि त्याच्या बदल्यात तू मला काय म्हणालास ते कालच ह्या टेबलावर सगळ्यांनी ऐकलं. आता मागितल्याशिवाय मिळणार नाहीत. नाव घेऊन मागायचं, काय हवं ते सांगून मागायचं.”

आर्वोने सुलोकडे पाहिलं. सुलो कपात बघत नव्हता.

“हेल्वी,” आर्वो म्हणाला, “मला मऊ काडतुसं हवीत. कापसाची. भरून देशील का?”

“देईन,” हेल्वी म्हणाली, आणि त्याचा कप भरला.